सुआझारामावशी आणि वाकड्या बोटाचा खटला

तुमचं मधलं बोट तुम्ही शेवटचं कशासाठी वापरलंत? खरं सांगा. नाकात घातलं असेल, नाहीतर कुणाला शिवी द्यायला वर केलं असेल. त्यापलीकडे माणसाने या बोटाचं काही भलं केल्याचं मी पाहिलेलं नाही. आमच्या अंबुदिआंपाली गावात मात्र दोन जीव असे आहेत की जे याच बोटावर पोट भरतात. एक सुआझारामावशी. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही असा गावाचा नियम आहे. मी घेणार.

आधी मावशी. वय त्रेसष्ट. गावातली सगळ्यात बुटकी बाई आणि सगळ्यात मोठा आवाज. एकशे सत्तर लवंगेची झाडं, सहा माड, पानांचं तेल काढायची तांब्याची एक भट्टी आणि दोन खोल्यांचं बांबूचं घर, एवढा तिचा संसार. नवरा गेला तो दुसऱ्या बाईबरोबर, पण मावशी लोकांना सांगते की वादळात गेला. कारण वादळाला शिव्या घालता येतात आणि ते परत येऊन भांडत नाही. त्याच वर्षीच्या खऱ्या वादळात तिची सगळी झाडं आडवी झाली होती. तिने एकटीने पुन्हा लावली. आज आहेत ती तीच.

लवंगेला अळी लागते. खोडात शिरते, आतून पोखरते, वरच्या फांद्या वाळायला लागतात आणि दोन वर्षांत उभं झाड सरपण होतं. फार पूर्वी एक शेतीचा साहेब पांढरी पावडर घेऊन आला होता. त्याने ती खोडाला बाहेरून फासली. अळी आत, पावडर बाहेर. अळीला कळलंसुद्धा नसेल की आपल्यावर कारवाई झाली. मावशी तेव्हा म्हणाली, "साहेब, चोर माजघरात बसलाय आणि तुम्ही कुंपणाला रंग देताय." साहेबाने वहीत काहीतरी लिहिलं आणि गेला तो गेलाच.

मग मावशीने स्वतःच शोधून काढलं. खोडाला कान लावायचा. मधल्या बोटाचं पेर वाकवून वीत-वीतभर अंतरावर ठोकत जायचं. लाकूड भरीव असेल तर आवाज टणक येतो, आत पोकळ असेल तर बसका. बसका आवाज आला की चाकूच्या टोकाने सालीला भोक पाडायचं, सायकलच्या चाकाची तार आत घालायची, तिच्या टोकाला बारीक आकडा केलेला असतो, आणि अळी ओढून काढायची. अळी कोंबड्यांना. तिच्या कोंबड्या तिच्यामागे झाडाझाडाला हिंडतात. गावात कुणाचंही झाड वाळायला लागलं की लोक मावशीला बोलावतात. "मावशी, जरा बोट लाव गं आमच्या झाडाला." ती बोट लावते. त्या बोटाचं गावाला केवढं कौतुक!

आता दुसरा. त्याचं नाव हाय-हाय. मांजराएवढा, काळा, अंगावरचे केस कायम उभे, कान वाळत घातलेल्या चामड्यासारखे, डोळे नारिंगी. दात उंदरासारखे, जन्मभर वाढत राहणारे. आणि हात. हाताची बाकीची बोटं बोटांसारखी आहेत, मधलं मात्र नुसती तार. मांस नाही, काही नाही, टोकाला जरा वाकडं, आणि मुळाशी असं बसवलेलं की कुठल्याही बाजूला वळतं. तो रात्री फांदीवर बसतो, या बोटाने लाकूड ठोकतो, ते मोठे कान लावून ऐकतो, पोकळ लागलं की दातांनी भोक पाडतो आणि बोट आत घालून अळी ओढून काढतो. एका सेकंदात सात-आठ वेळा ठोकतो, असं मी एका फाटक्या पुस्तकात वाचलं आणि मावशीला सांगितलं.

ती म्हणाली, "मला एवढी घाई नाही."

हे असं बोट कसं झालं, तेही सांगून टाकतो, कारण आमच्या शाळेत सांगत नाहीत. आमच्या बेटावर सुतारपक्षी नाही. कधीच नव्हता. खोडातल्या अळ्या पिढ्यान्‌पिढ्या निवांत लोळत होत्या, त्यांना हात लावणारं कुणी नव्हतं. मग कधीतरी, माणसाचा पत्ताही नव्हता तेव्हा, आफ्रिकेकडून वाहत आलेल्या झाडोऱ्यावरून काही प्राणी इथे उतरले. त्यातल्या एका घराण्यात ज्याचं बोट जरा बारीक, त्याला चार अळ्या जास्त मिळाल्या. तो जगला, त्याची पिल्लं जगली, त्यातलं ज्याचं आणखी बारीक ते आणखी जगलं. चोच नव्हती तर दातांवर भागवलं. लांब जीभ नव्हती तर बोटावर. या सगळ्याला कोट्यवधी वर्षं लागली. आमच्याकडे जमिनीचा कागद मिळायला लागतात त्याहून थोडी जास्त. पुढे समुद्रापलीकडचे पंडित आले, त्यांनी दात पाहिले आणि त्याला खारीच्या जातीत टाकला. कित्येक वर्षं तो तिथेच होता. हाताकडे कुणी नीट बघितलंच नाही.

आमच्या लोकांनी हाताकडे बघितलं, पण काय बघितलं? तो बोट दाखवतो. ज्याच्याकडे दाखवतो तो मरतो. झालं. कोट्यवधी वर्षांची मेहनत एका वाक्यात निकालात!

म्हणून दिसला की मारायचा. मारून गावाबाहेर रस्त्याच्या कडेला खांबावर टांगायचा, म्हणजे जो परका वाटसरू तिथून जाईल तो सगळं अशुभ आपल्याबरोबर घेऊन जाईल. आमच्या रस्त्याने परका वाटसरू कोण जातो? नदीपलीकडच्या साहासुआ गावचे लोक. ते काय करतात? त्यांच्या हद्दीत तेच करतात, आणि त्यांच्या रस्त्याने आम्ही जातो. म्हणजे दोन गावं आपलं अशुभ एकमेकांच्या पदरात टाकतायत, आणि मधल्यामध्ये मरतोय तो अळ्या खाणारा. आणि त्याने जर एखाद्याच्या अंगणात घरटं केलं, तर आणखी कडक नियम. ते घर जाळायचं आणि घरच्यांनी गाव सोडायचं.

फेब्रुवारीत मावशीने मला निरोप धाडून बोलावलं. मी गावातल्या लोकांचे अर्ज लिहितो, म्हणून ती मला कागदवाल्या म्हणते.

"कागदवाल्या, कुणीतरी माझं काम करतंय."

"कुणी गं?"

"वरच्या बांधावरच्या चाळीस झाडांना भोकं आहेत. मी पाडलेली नाहीत. माझं भोक गोल असतं, हे ओबडधोबड आहे. पण तार घालून बघितली तर आत अळी नाही. एकसुद्धा नाही!" तिच्या आवाजात राग होता, पण तो राग मला ओळखीचा होता. आपल्यापेक्षा चांगला कारागीर गावात आला की येतो तो.

मग तिने मला तिसऱ्या माडाच्या शेंड्याशी डहाळ्यांचा गोळा दाखवला. घरटं. मी आधी आजूबाजूला कुणी बघतंय का ते पाहिलं.

"मावशी, हे कुणी बघितलं तर?"

"तू बघितलंस. मेलास का?"

"नाही."

"मग तोंड मिटून घरी जा."

मी तोंड मिटलं. जून महिन्यात मात्र ते झाओझांद्रीने बघितलं. झाओझांद्री म्हणजे मावशीचा शेजारी, दुकानदार. खिशात दोन सिमचा फोन, दाराशी लाल मोटरसायकल, आणि मावशीच्या बांधाला लागून त्याचा बांध. पहाटे तो परसाकडे निघाला होता. समोर माडाच्या झावळीवर हाय-हाय बसलेला, घरट्यात परतण्याआधी. झाओझांद्रीचं म्हणणं, "त्याने हात उचलला आणि माझ्या घराकडे बोट दाखवलं." त्याच दिवशी मोटरसायकलची साखळी तुटली. यापेक्षा मोठा पुरावा आणखी काय हवा?

दुपारपर्यंत गावभर झालं. संध्याकाळी सभेचा दिवस ठरला. हाय-हायला मारायचं हे तर ठरल्यासारखंच होतं. प्रश्न मावशीचा होता. चार महिने घरटं लपवलं, म्हणजे घर जाळायचं आणि तिने जायचं. ती गेली की एकशे सत्तर झाडं कोण बघणार? अर्थात बांधाला बांध असलेला माणूस. झाओझांद्री म्हणाला, "मला काही नको हो, पण झाडांचे हाल बघवणार नाहीत." असं प्रेम!

मावशीने मला पुन्हा बोलावलं. "राजधानीत या जनावराला वाचवणारे कुणी आहेत म्हणतात. त्यांना लिही."

लिहिलं. आठ दिवसांत संस्थेच्या हानित्राबाई आल्या, दोन माणसं आणि चार खोकी घेऊन. खोक्यात टी-शर्ट होते. हिरवे, छातीवर हाय-हायचं हसरं चित्र. इतका गोड चेहरा त्या बिचाऱ्याने आरशातसुद्धा पाहिला नसेल.

"आजी, तुम्ही किती महत्त्वाचं काम करताय!" बाई म्हणाल्या. "हा शर्ट घालून झाडाशी उभ्या राहा ना, एक फोटो."

"सभेला याल का?" मावशीने विचारलं.

"आम्ही स्थानिक प्रथांमध्ये हस्तक्षेप करत नाही."

"घर जाळायला लागले तर?"

"तुम्ही आम्हाला लगेच कळवा."

"धुराने कळवू?"

बाईंनी ते हसण्यावारी नेलं. फोटो काढला. मावशीने शर्ट घेतला, दुसऱ्या दिवशी त्याने भट्टीचं झाकण पुसलं. कापड चांगलं होतं, हे मान्य करायला हवं.

सभा गावच्या मोकळ्या जागेत, फणसाखाली भरली. मध्ये तंगालामेना, म्हणजे लाल काठीचे मानकरी, तुतुझाफी आजोबा. शहाऐंशी वर्षांचे. पूर्वजांशी बोलायचं ते त्यांनीच, आणि त्यांनी काठी आपटली की विषय संपला. आमच्याकडे सभेत बोलणारा आधी माफी मागतो. मी लहान, मी अडाणी, माझ्याआधी बोलायला हवेत ते वडीलधारे इथे बसलेत. झाओझांद्रीने अर्धा तास माफी मागितली. तेव्हाच मला कळलं की माणूस काहीतरी नीच बोलणार आहे. ते तो बोलला. घर, माड, घरटं, साखळी, सगळं. शेवटी म्हणाला, "मावशी मला आईसारखी आहे. पण गाव मोठं."

"तुझी आई जिवंत आहे ना रे?" मावशी बसल्या जागेवरून म्हणाली. "तिला सांग हे."

लोक हसले. आजोबांना खोकल्याची उबळ आली, ती थांबेपर्यंत सगळे थांबले.

"सुआझारा," ते म्हणाले, "तुला काही म्हणायचंय?"

मावशी उठली. तिने माफी मागितली, पण दोनच वाक्यांत. मग म्हणाली, "आजोबा, एक विचारते. टेकडीवर आपली माणसं झोपलीत. त्यांच्या कबरींकडे हात करताना आपण बोट वाकवतो. का?"

"हे काय विचारणं झालं? सरळ बोट पूर्वजांना टोचतं. अपमान होतो."

"आणि वाकवलं तर?"

"वाकवलं तर मान दिला."

"लहान पोरालाही आपण हेच शिकवतो. एखादं विसरलं तर फटका देतो. बरोबर?"

"बरोबर."

"मग त्या जनावराचं बोट बघा. मी जवळून पाहिलंय. ते वाकडंच आहे. जन्मापासून वाकडं. तुम्ही-आम्ही आठवण ठेवून वाकवतो, त्याला आठवण ठेवावी लागत नाही. या गावात रीतीने बोट दाखवणारा तो एकटा आहे, आणि तुम्ही त्यालाच टांगायला निघालात?"

हे कुणाला सुचलंच नव्हतं. मागच्या बाजूला एक बाई दुसरीला म्हणाली, "अगं, खरंच की." दोन म्हाताऱ्यांनी आपापली बोटं वाकवून बघितली. मी इतकी वर्षं पुस्तकातलं ज्ञान पाजळत होतो, सुतारपक्षी नि अळ्या नि कोट्यवधी वर्षं. त्याने एकाचंही मन वळलं नव्हतं. मावशीने त्यांचाच नियम उचलला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. मला थोडी लाजही वाटली, कबूल करतो.

झाओझांद्रीच्या लक्षात आलं की बाजी हातची जातेय. तो ताडकन उठला. या खेपेला माफीबिफी काही नाही.

"खोटं! साफ खोटं! ते बोट सरळ होतं. मी माझ्या या डोळ्यांनी पाहिलं. तो तिथे बसला होता आणि त्याने असं केलं, हे बघा, अस्सं!"

आणि त्याने हात लांब करून बोट ताणून दाखवलं. ताठ, खिळ्यासारखं सरळ. मावशीच्या तिसऱ्या माडाकडे.

माडाच्या मागे काय आहे? टेकडी. टेकडीवर काय आहे?

सगळ्यांनी त्या बोटाकडे पाहिलं, मग टेकडीकडे. झाओझांद्रीच्या बायकोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याला क्षणभर कळेना की सगळे असे काय बघतायत. मग त्याने आपल्या बोटाकडे पाहिलं, बोटाच्या रेषेत पुढे पाहिलं, आणि हात असा मागे घेतला की जणू विस्तवाला लागला.

"मी... मी माडाकडे..."

"माडाकडेच रे," मावशी शांतपणे म्हणाली. "तोही माडावरूनच दाखवत होता."

आजोबांनी लाल काठी आपटली. झाओझांद्रीने उद्याच्या उद्या एक लाल कोंबडा आणि उसाच्या दारूचा एक मोठा घडा घेऊन टेकडीवर यायचं, पूर्वजांची माफी मागायची. ते झाल्याशिवाय त्याने कुणाचं घर जाळण्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. या शिक्षेला सगळे आनंदाने तयार झाले, कारण पूर्वज घोटभर घेतात आणि बाकीचा घडा आम्हालाच संपवावा लागतो.

झाओझांद्रीने पुढे तीन आठवडे त्या बोटाला चिंधी गुंडाळली होती. ते सडून पडेल अशी भीती होती त्याला. दुकानात तराजूसुद्धा डाव्या हाताने धरायचा. रोज सकाळी चिंधी सोडून वास घ्यायचा, असं त्याच्याच बायकोने पाणवठ्यावर सांगितलं.

पण मावशी सुटली असं समजू नका. गावाला पूर्ण शहाणपण एकदम परवडत नाही. चार जाणत्यांनी कुजबुज केली, आजोबांनी मान हलवली आणि निकाल दिला. बोट वाकडं आहे ही गोष्ट सभेने मानली. तरी खात्री हवी. लवंगेची तोडणी नोव्हेंबरअखेर संपते. तोपर्यंत गावातून एकही शवपेटी टेकडीवर गेली नाही, तर हाय-हाय राहील आणि मावशीही राहील. एक जरी गेली, तर दोघांचाही निकाल लागला.

"मान्य?" आजोबांनी विचारलं, आणि विचारता विचारता त्यांना पुन्हा उबळ आली. अशी आली की दोघांनी धरून बसवलं. सगळ्या सभेने आजोबांकडे पाहिलं. मग सगळ्या सभेने मावशीकडे पाहिलं. मावशीच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती बघितली.

"मान्य," ती म्हणाली.

गेल्या वर्षी आमच्या गावात पाच माणसं मेली. तेव्हा हाय-हाय नव्हता. दवाखान्यात नर्सही नव्हती. या दोघांपैकी कोण नव्हतं म्हणून ती मेली, हे सभेत कुणी विचारलं नाही. मी विचारायला उठलो होतो, पण माफीच्या तिसऱ्या वाक्यालाच मला खाली बसवलं.

तेव्हापासून मावशीचा दिवस आजोबांच्या दारात सुरू होतो. आधी गवती चहा. मग भाताच्या खरवडीचं गरम पाणी. दुपारी कोंबडीचा रस्सा. अळ्या खाऊन माजलेल्या त्या कोंबड्यांपैकी सात आजोबांच्या पोटात गेल्यात. छातीला लवंगेचं तेल चोळते.

"सुआझारा, मला मरू दे गं सुखाने," आजोबा करवादतात.

"डिसेंबरात मरा. मी स्वतः पेटी सजवते. आत्ता तोंड उघडा."

"माझ्या बायकोनेसुद्धा एवढा छळ केला नव्हता."

"म्हणून तर ती आधी गेली. उघडा तोंड."

झाओझांद्रीही रोज आजोबांची चौकशी करतो. इतक्या आपुलकीने त्याने आपल्या बापाची कधी केली नाही. दारातून आत डोकावतो, खोकला ऐकतो, आणि जरा बरं वाटून पुढे जातो. मावशीने एकदा त्याला हाक मारून थांबवलं. "काय रे, शवपेटीचं माप घ्यायला आलास का?" तेव्हापासून तो लांबूनच ऐकतो.

माडावरचा मात्र आपल्या कामात आहे. वरच्या बांधावरचं एकही झाड यंदा वाळलेलं नाही. मावशीने खालच्या बांधावरची झाडं स्वतःकडे ठेवलीत आणि वरची त्याच्यावर सोडलीत. ती म्हणते, तो बोलत नाही, उसनं मागत नाही, भाषण करत नाही, असा भागीदार तिला आयुष्यात मिळाला नव्हता.

सध्या ऑगस्ट चालू आहे. पावसाची झड थांबत नाही. आजोबांचा खोकला छातीत उतरलाय, दोन दिवस अंगात ताप आहे, आणि काल मावशी पहिल्यांदा गवती चहाचं भांडं तसंच भरलेलं घेऊन परत आली. दवाखान्याला कुलूप आहे. चौदा महिने झाले. मी सहा अर्ज केले, सहाव्याची पोच आली, तीही दुसऱ्याच गावच्या नावाने. मग हानित्राबाईंच्या संस्थेला लिहिलं की तुमच्या प्राण्याचा जीव एका म्हाताऱ्याच्या फुप्फुसात अडकलाय, एक डॉक्टर पाठवा. त्यांनी कळवलं की माणसांचं आरोग्य त्यांच्या विषयात बसत नाही. सोबत टोप्या पाठवल्या.

तेव्हा तुम्हाला सांगतो. तुम्ही डॉक्टर असाल, नर्स असाल, किंवा तुमच्या घरात, ओळखीत कुणी असेल, तर हे वाचून हळहळत बसू नका. निघा. नदीवर होडी मिळते. उतरलात की लवंगेच्या तेलाचा वास येईल, त्या वासाने चालत या, मावशी दारातच असेल. छाती तपासायची नळी आणा, तापाचं आणि छातीचं औषध आणा, टी-शर्ट आणू नका. आणि तुतुझाफी आजोबांना नोव्हेंबर संपेपर्यंत जिवंत ठेवा.